न उडलेल्या तासांचे पैसे

व्यावसायिक वैमानिकाच्या परवान्यासाठी भारतात २०० तासांचे उड्डाण लागते. त्यातले १०० तास विमानाची जबाबदारी स्वतः घेऊन करायचे. त्यांत २० तास क्रॉस-कंट्रीचे, आणि त्या २० तासांत ३०० सागरी मैलांचा एक मोठा प्रवास. शिवाय १० तास केवळ उपकरणांवर विसंबून आणि ५ तास रात्रीचे. हे तास विद्यार्थ्याच्या पदरात एकेक करून पडतात. पैसे मात्र एकेक तासाचे दिले जात नाहीत. पस्तीस, चाळीस, पन्नास लाखांचे पॅकेज ठरते आणि ते तीन-चार मोठ्या हप्त्यांत भरले जाते. बहुतेक ठिकाणी हप्त्याची तारीख कॅलेंडरवरून ठरते, लॉगबुकावरून नाही. त्यामुळे पहिले सोलो, म्हणजे एकट्याने केलेले, उड्डाण होण्याआधीच अर्धी रक्कम संस्थेच्या खात्यात गेलेली असते. हा मुलगा किंवा मुलगी कायद्याच्या लेखी ग्राहक की विद्यार्थी, हा वाद अजून मिटलेला नाही. हिशेबाच्या लेखी त्या घराने संस्थेला बिनव्याजी, बिनतारणी कर्ज दिलेले असते. संस्था नीट चालली तर हे कुणाच्या ध्यानातही येत नाही. उड्डाणे थांबली की येते.

२०२३ या एका वर्षात नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने, म्हणजे डीजीसीएने, १,६२२ व्यावसायिक परवाने दिले. देशात प्रशिक्षण संस्था चाळिसाच्या आसपास आहेत. महाराष्ट्रात बारामती, गोंदिया, धुळे, शिरपूर, जळगाव, कराड, नागपूर ही नावे या मुलांच्या तोंडी असतात. संस्थेला मान्यता डीजीसीए देते. विमाने किती, मुख्य उड्डाण प्रशिक्षक (सगळे ज्याला सीएफआय म्हणतात तो) नेमलेला आहे का, देखभालीची व्यवस्था काय, धावपट्टी कोणती, हे सगळे तपासून देते. शुल्क किती घ्यावे, कधी घ्यावे आणि कुठे ठेवावे, हे ती ठरवत नाही. पालकांचा गोंधळ इथूनच सुरू होतो. भिंतीवर सरकारी मान्यतेचे प्रमाणपत्र टांगलेले दिसले की पैशांनाही सरकारची हमी आहे असे गृहीत धरले जाते. त्या प्रमाणपत्राचा पैशांशी काहीही संबंध नसतो.

प्रशिक्षण थांबते म्हणजे नेमके काय होते, हे आधी पाहायला हवे, कारण परताव्याचा हक्क त्यावरच ठरतो. सर्वांत ठळक प्रकार म्हणजे नियामकाचा आदेश. ऑक्टोबर २०२३मध्ये बारामतीजवळ रेडबर्ड या संस्थेची दोन प्रशिक्षण विमाने चार दिवसांत कोसळली. डीजीसीएने तिच्या सगळ्या तळांवरची उड्डाणे थांबवली आणि तपासण्यांनंतर ती टप्प्याटप्प्याने पुन्हा सुरू झाली. ही स्थगिती होती, टाळेबंदी नव्हती, आणि कराराच्या दृष्टीने या दोहोंत मोठे अंतर आहे. स्थगितीत संस्था म्हणते, थांबा, सुरू होणार आहे. हा विलंब वाजवी मर्यादेपलीकडे गेला हे विद्यार्थ्याला सिद्ध करावे लागते. दुसरा प्रकार सरकारी. नागपूर फ्लाइंग क्लबची विमाने कित्येक वर्षे जमिनीवर होती आणि प्रश्न उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापर्यंत गेला. सरकारी संस्थेविरुद्ध रिट याचिकेचा मार्ग खुला असतो. खासगी संस्थेविरुद्ध पैशांसाठी तो जवळजवळ बंदच असतो. तिसरा प्रकार दिवाळखोरीचा, त्याकडे पुढे येऊच.

चौथा प्रकार सर्वांत जास्त आढळतो आणि त्यालाच नाव नाही. संस्था बंद पडत नाही, फक्त सावकाश होत जाते. पाच विमानांपैकी दोन उडतात. एकाचे इंजिन ओव्हरहॉलला गेलेले असते, दुसरे सुट्या भागांसाठी उभे, तिसऱ्याच्या विम्याचे नूतनीकरण अडलेले. प्रशिक्षक नोकरी सोडून एअरलाइनमध्ये जातात. एकेकाळी इंधनाचे कारण हमखास दिले जाई. या विमानांना लागणारे अ‍ॅव्हगॅस आयात व्हायचे आणि कधी कधी मिळायचेच नाही. सप्टेंबर २०२२मध्ये इंडियन ऑइलने बडोद्याच्या रिफायनरीतून ते आणले, तेव्हापासून या सबबीची धार कमी झाली. विद्यार्थी सकाळी सहाला हँगरवर जातो, फळ्यावर आपले नाव शोधतो आणि परत खोलीवर येतो. महिन्याला आठ तास, मग तीन, मग शून्य. बंद केल्याची नोटीस कुणी लावत नाही. पुढे वकील पहिला प्रश्न विचारतो की सेवा बंद कोणत्या तारखेला झाली, आणि नेमके त्याचेच उत्तर नसते. ग्राहक आयोगात तक्रारीची मुदत कारण घडल्यापासून दोन वर्षांची, दिवाणी दाव्याची तीन. तारीखच धूसर असेल तर मुदत केव्हा सुरू झाली यावरच संस्थेचा वकील वर्षभर युक्तिवाद करू शकतो.

म्हणून सावकाशीची चाहूल लागताच दर महिन्याला एक ईमेल लिहावी, हा सल्ला कितीही रूक्ष वाटला तरी सर्वांत मोलाचा आहे. या महिन्यात माझे इतके तास झाले, करारानुसार इतके व्हायला हवे होते, कारण कळवावे. एवढेच. अशा चार-पाच मेलनंतर एक कायदेशीर नोटीस द्यावी: अमुक तारखेपर्यंत उड्डाण सुरू झाले नाही तर करार संपला असे मी समजेन. ती तारीख म्हणजेच सेवा बंद पडल्याची तारीख, विद्यार्थ्याने स्वतः ठरवलेली. करार कायद्यात, तो १८७२चा जुना कायदा, याला पूर्ण आधार आहे. एका पक्षाने वचन पाळण्यास नकार दिला किंवा पाळणे अशक्य करून ठेवले तर दुसरा करार संपवू शकतो, घेतलेला लाभ परत मागू शकतो आणि नुकसानभरपाईही मागू शकतो.

मग जायचे कुठे? पहिले नाव ग्राहक आयोगाचे येते आणि ते योग्यच आहे. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ हा २० जुलै २०२०पासून लागू झाला. त्याने एक मोठी सोय केली: तक्रारदार जिथे राहतो तिथल्या आयोगात तक्रार करता येते. संस्था मध्य प्रदेशात असो वा हरियाणात, साताऱ्याच्या मुलाला साताऱ्यातच दाद मागता येते. भरलेली रक्कम ५० लाखांपर्यंत असेल तर जिल्हा आयोग, त्यापुढे २ कोटींपर्यंत राज्य आयोग. २० ते ५० लाखांच्या तक्रारीचे शुल्क अवघे १,००० रुपये. महाराष्ट्रात दिवाणी दाव्याच्या कोर्ट फीची कमाल मर्यादा २०१८मध्ये तीन लाखांवरून दहा लाखांवर गेली, हे लक्षात घेतले म्हणजे त्या हजार रुपयांची किंमत कळते. सदोष सेवेचे पैसे पावतीवर लिहिलेल्या मुदतीत, आणि मुदत लिहिलेली नसेल तर ३० दिवसांत परत न करणे ही कायद्याच्या व्याख्येतच अनुचित व्यापारी प्रथा आहे. सारखीच तक्रार असलेले अनेक विद्यार्थी एकत्र येऊन दाद मागू शकतात. करारात लवादाचे कलम असले तरी आयोगाचे दार बंद होत नाही, हे एम्मार एमजीएफ विरुद्ध आफताब सिंग या प्रकरणात २०१८मध्येच पक्के झाले.

अडचण वेगळीच आहे. संस्थेचा वकील उभा राहतो आणि म्हणतो, आम्ही शिक्षण देतो, शिक्षण ही सेवा नव्हे. हा युक्तिवाद पोकळ नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०१०मध्ये महर्षी दयानंद विद्यापीठाच्या प्रकरणात आणि २०१२मध्ये पी. टी. कोशी प्रकरणात शिक्षणसंस्थांना ग्राहक कायद्याबाहेर ठेवणारी भूमिका घेतली. उलट २००९च्या बुद्धिस्ट मिशन डेंटल कॉलेजच्या प्रकरणात त्याच न्यायालयाने विद्यार्थ्यांना ग्राहक मानून दिलासा दिला होता. जानेवारी २०२०मध्ये राष्ट्रीय आयोगाच्या मोठ्या पीठाने मनू सोळंकी विरुद्ध विनायक मिशन विद्यापीठ या निकालात रेघ ओढली: व्यावसायिक अभ्यासक्रम चालवणाऱ्या संस्थांसह सगळ्या शिक्षणसंस्था बाहेर, कोचिंग क्लास तेवढे आत. त्याविरुद्धचे अपील सर्वोच्च न्यायालयाने २०२०मध्येच दाखल करून घेतले.

फ्लाइंग स्कूल या रेघेच्या कोणत्या बाजूला? माझ्या मते आतल्या, आणि तक्रार लिहिताना तसे ठामपणे मांडायला हवे. फ्लाइंग स्कूल पदवी देत नाही. परवाना डीजीसीए देते, लेखी परीक्षाही डीजीसीएच घेते. संस्था विकते ते विमानाचे तास, प्रशिक्षकाची वेळ आणि सिम्युलेटरची खुर्ची. तासाला दर असलेली ही वस्तुतः मोजता येणारी सेवा आहे; विद्यापीठाच्या वर्गापेक्षा कोचिंगला ती कितीतरी जवळची. पण इथे एक गंमत झाली आहे. सप्टेंबर २०२४मध्ये जीएसटी परिषदेच्या ५४व्या बैठकीत असे स्पष्ट करण्याचे ठरले की डीजीसीए-मान्य संस्थांच्या मान्य उड्डाण अभ्यासक्रमांवर जीएसटी लागत नाही, आणि पुढच्याच महिन्यात तसे परिपत्रकही निघाले. सवलतीचा पाया हाच की या संस्था कायद्याने मान्य असलेले शिक्षण देतात. लाखो रुपयांचा कर वाचला, विद्यार्थ्यांचा फायदाच झाला. मात्र तेच परिपत्रक आता ग्राहक आयोगात संस्थेच्या हातात आयते पडते: पाहा, सरकारच आम्हाला शिक्षणसंस्था म्हणते. करकायद्यातली व्याख्या ग्राहक कायद्याला बांधील नसते, हे उत्तर तयार ठेवूनच तक्रार लिहावी. आणि सगळी भिस्त एकाच दारावर ठेवू नये. ग्राहक आयोगाने दोन वर्षांनी अधिकारक्षेत्र नाही असे म्हटले आणि तोवर दिवाणी दाव्याची मुदत संपत आली, तर वकिलाची खरी कसोटी लागते.

ज्या कारणासाठी पैसे दिले ते कारण पुढे फोल ठरले, अशा पैशांच्या दाव्याला मुदत कायद्यात स्वतंत्र नोंद आहे, अनुच्छेद ४७. मुदत तीन वर्षे, ती कारण फोल ठरल्यापासून मोजायची. संस्थेने मध्येच ‘आम्ही तुमचे इतके देणे लागतो’ असे लेखी मान्य केले असेल तर त्या तारखेपासून नवी तीन वर्षे मिळतात. त्यामुळे संस्था जेव्हा गोड बोलून हप्त्याहप्त्याने परत करते म्हणते, तेव्हा नुसत्या आश्वासनावर उठू नये. लेखी वेळापत्रक आणि पुढच्या तारखांचे धनादेश मागावेत. धनादेश न वटल्यास ३० दिवसांत नोटीस, तिच्यानंतर १५ दिवस वाट, मग महिन्याच्या आत फौजदारी तक्रार, हा रस्ता रुळलेला आहे आणि संस्थाचालक त्याला खरोखर बिचकतात.

कोर्टाइतकीच महत्त्वाची लढाई आकड्याची असते आणि तिच्याकडे लोक उशिरा वळतात. एक काल्पनिक हिशेब मांडू. पॅकेज ४५ लाखांचे, २०० तासांसाठी, सगळे पैसे भरलेले. मुलाचे ६० तास झाले आणि विमाने थांबली. त्याच्या वडिलांच्या मते १४० तास उरले, म्हणजे सत्तर टक्के, म्हणजे साडेएकतीस लाख परत हवेत. संस्था वेगळी मांडणी करते. प्रवेश शुल्क तीन लाख, ते परत न मिळणारे. ग्राउंड क्लास, गणवेश, वसतिगृह, सिम्युलेटर मिळून सहा लाख, ते तुम्ही वापरले. उरले उड्डाणाचे. पॅकेजमधला सवलतीचा दर पूर्ण कोर्स करणाऱ्यांसाठी होता. सुटा दर तासाला तीस हजार, म्हणजे साठ तासांचे अठरा लाख. परतावा अठरा लाख. दोन्ही आकडे कागदावर बिनचूक, मध्ये साडेतेरा लाखांची दरी.

या दरीवर कायदा विद्यार्थ्याच्या बाजूने आहे, फक्त तो मुद्दा उचलला गेला पाहिजे. सुटा दर अर्ध्यात सोडून जाणाऱ्याला लावता येईल. इथे सोडून संस्था गेली आहे. स्वतःच्या कसुरीचा फायदा घेऊन दर चढवता येत नाही. ‘भरलेले शुल्क कोणत्याही परिस्थितीत परत मिळणार नाही’ हे कलमही वाटते तितके अभेद्य नाही. करार कायद्याचे ७४वे कलम दंड आणि जप्तीच्या तरतुदींना वाजवी भरपाईच्या मर्यादेत आणते, आणि २०१५च्या कैलाश नाथ प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की नुकसानच झालेले नसेल तर रक्कम जप्त करता येत नाही. विद्यार्थ्याने उलट आपला खर्च मांडावा: दुसऱ्या संस्थेत उरलेल्या तासांना आज पडणारा जास्तीचा दर, उड्डाण सुटल्यामुळे पुन्हा घ्यावे लागणारे सराव-तास, शैक्षणिक कर्जाचे व्याज. परवान्याचा अर्ज करताना २०० तास मागच्या पाच वर्षांतले असावे लागतात, त्यामुळे रखडलेल्या वर्षाची किंमत नुसती मानसिक नसते. जुने तास त्या पाच वर्षांच्या चौकटीतून निसटण्याची भीती असते.

हे सगळे सिद्ध करायला कागद लागतो आणि तो बहुतेक संस्थेकडेच असतो. लॉगबुक विद्यार्थ्याजवळ असते, पण त्यावर सीएफआयची सही हवी. दुसरीकडे प्रवेश घ्यायचा तर नवी संस्था जुन्या संस्थेचे ना-हरकत पत्र आणि प्रमाणित नोंदी मागते. नेमक्या त्या क्षणी समोर एक छापील कागद सरकवला जातो: ‘माझी सर्व देणी मिळाली, काहीही तक्रार नाही.’ सही करा आणि पत्र घ्या. दुसऱ्या संस्थेची बॅच सोमवारी सुरू होणार असते, मुलगा सही करतो. अशी सही करावीच लागली तर त्याच दिवशी ईमेलने कळवावे की ती नोंदी मिळवण्यासाठी करावी लागली आणि परताव्याचा हक्क सोडलेला नाही. त्याहून चांगले म्हणजे दर महिन्याला लॉगबुकाच्या पानांवर सही घेऊन त्यांचे फोटो काढून ठेवणे. डीजीसीएकडे माहिती अधिकाराचा दहा रुपयांचा अर्ज करून स्थगितीचा आदेश आणि तपासणीतल्या त्रुटी मागता येतात. पैसे परत मिळवून देणे डीजीसीएच्या हातात नाही, पण तिचा कागद आयोगासमोर संस्थेच्या ‘सगळे सुरळीत होते’ या दाव्याची हवा काढून घेतो.

पोलिसांकडे जाण्याची घाई बहुतेकांना होते. भारतीय न्याय संहितेत फसवणुकीचे कलम ३१८ आणि विश्वासघाताचे ३१६ आहे. पण करार मोडला म्हणजे फसवणूक झाली असे होत नाही. पैसे घेतानाच न शिकवण्याचा इरादा होता हे दाखवावे लागते. उड्डाणे थांबल्यानंतरही नव्या बॅचचे प्रवेश चालू ठेवले असतील तर तो इरादा दिसतो. तेवढे नसेल तर गुन्हा नोंदवण्याच्या खटाटोपात वर्ष जाते. महाराष्ट्रात १९९९चा ठेवीदार संरक्षण कायदा, म्हणजे एमपीआयडी, अनेकांना आठवतो. त्यातली ठेवीची व्याख्या रुंद आहे, पैशांचा परतावा ‘सेवेच्या रूपात’ असला तरी ती लागू होऊ शकते, आणि २०२२मध्ये ६३ मून्स प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ती रुंदच वाचली. आगाऊ शुल्काला ती लावणे हा ताणलेला युक्तिवाद आहे, तरी शेकडो विद्यार्थी एकाच वेळी अडकले असतील तर मांडून पाहण्यासारखा. मला त्याहून उपयोगी वाटते ती कंपनी कायद्यातली एक दुर्लक्षित तरतूद. संस्था कंपनी असेल आणि सेवेपोटी घेतलेली आगाऊ रक्कम ३६५ दिवसांत त्या सेवेवर खर्ची पडली नाही, तर २०१४च्या ठेव नियमांनुसार उरलेली रक्कम ठेव ठरू शकते, आणि विनापरवाना ठेवी घेणे हा संचालकांसाठी गंभीर प्रकार आहे. नोटिशीत हा एक परिच्छेद असला की उत्तराचा सूर बदलतो. संस्था ट्रस्ट किंवा सोसायटी असेल तर मात्र ही तरतूद लागत नाही, म्हणून पैसे भरण्यापूर्वी पावतीवर कुणाचे नाव आहे ते वाचावे.

आता दिवाळखोरी. संस्था राष्ट्रीय कंपनी विधी न्यायाधिकरणात गेली की स्थगन लागू होते आणि तिच्याविरुद्धचे दावे, वसुली सगळे गोठते. विद्यार्थी स्वतः हा खटला सुरू करू शकत नाही, कारण मार्च २०२०पासून किमान थकबाकी एक कोटीची लागते आणि एका घराचे येणे त्याच्या आत असते. तो फक्त रांगेत उभा राहू शकतो. रांगेतले स्थान तरी कोणते? २०२२मध्ये कन्सॉलिडेटेड कन्स्ट्रक्शन विरुद्ध हिट्रो एनर्जी या प्रकरणात, चेन्नई मेट्रोच्या कामाच्या दिव्यांसाठी दिलेल्या ५० लाखांच्या आगाऊ रकमेवरून, सर्वोच्च न्यायालयाने ठरवले की आगाऊ पैसे देणारा ग्राहकही परिचालक धनको ठरतो. म्हणजे विद्यार्थ्याने त्या नमुन्यात दावा दाखल करावा; तो जाहीर नोटिशीत दिलेल्या तारखेपर्यंत करायचा असतो आणि ती नोटीस वर्तमानपत्रात कोपऱ्यात छापलेली असते. दावा मान्य झाला तरी वाटपाच्या उतरंडीत आधी प्रक्रियेचा खर्च, मग तारणधारक बँका आणि कामगारांची थकबाकी, मग कर्मचारी, मग विनातारण कर्ज देणारे, मग सरकारी देणी, आणि मग उरलेच तर हे विद्यार्थी. विमाने बहुधा भाड्याची किंवा बँकेकडे गहाण. हँगर विमानतळ प्राधिकरणाच्या जागेवर. विकायला उरतात खुर्च्या आणि एक सिम्युलेटर.

इथे घर घेणाऱ्यांशी तुलना केल्याशिवाय राहवत नाही. त्यांचीही तऱ्हा तीच होती: आगाऊ पैसे, रखडलेले काम, गायब बिल्डर. त्यांच्यासाठी २०१६च्या रेरा कायद्याने प्रकल्पाच्या पैशांतले ७० टक्के वेगळ्या खात्यात ठेवण्याचे बंधन आले आणि २०१८मध्ये दिवाळखोरी कायद्यात त्यांना वित्तीय धनकोचा दर्जा मिळाला. विमान भाड्याने देणाऱ्या कंपन्यांनीही आपले काम करून घेतले. मे २०२३मध्ये गो फर्स्ट ही विमान कंपनी दिवाळखोरीत गेली, ऑक्टोबरमध्ये सरकारने केप टाउन कराराखालच्या विमानांना स्थगनातून वगळले आणि एप्रिल २०२४मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने ५४ विमानांची नोंदणी रद्द करण्याचा आदेश दिला. आगाऊ तिकिटे काढलेले प्रवासी दाव्यांच्या यादीत राहिले. कोचिंग क्लासच्या मुलांकडेही थोडे लक्ष गेले आहे. जानेवारी २०२४च्या केंद्रीय मार्गदर्शक तत्त्वांत मध्येच सोडणाऱ्याला उरलेल्या काळाचे शुल्क दहा दिवसांत परत करण्याचे म्हटले आहे, आणि फेब्रुवारी २०२५मध्ये ग्राहक व्यवहार विभागाने कोचिंगच्या ६००हून अधिक विद्यार्थ्यांना १.५६ कोटी मिळवून दिल्याचे जाहीर केले. भागाकार केला तर माणशी सव्वीस हजार. १९१५ हा हेल्पलाइनचा क्रमांक एवढ्या रकमांसाठी खरोखर चालतो. तीस लाखांसाठी त्यावर विसंबता येत नाही.

बाहेरच्या देशांत चित्र सगळीकडे उजळ आहे असे नाही. अमेरिकेत लास वेगासची सिल्व्हर स्टेट हेलिकॉप्टर्स ही साखळी फेब्रुवारी २००८मध्ये एका रात्रीत बंद पडली. दोन हजारांहून अधिक विद्यार्थी, प्रत्येकी सुमारे ७० हजार डॉलर, बहुतेकांचे पैसे कर्जातून आणि कर्ज थेट संस्थेच्या खात्यात. तिथल्या दिवाळखोरी कायद्यात ग्राहकांच्या आगाऊ रकमेला अग्रक्रम आहे, आपल्याकडे नाही. पण त्याची मर्यादा तेव्हा माणशी २,४२५ डॉलर होती. खरी लढाई कर्जाशी झाली. कर्ज देणाऱ्या एका कंपनीने राज्यांच्या महाधिवक्त्यांशी तडजोड करून कर्जाचा मोठा भाग सोडला. दुसऱ्या बँकेविरुद्धचा सामूहिक दावा २०१३मध्ये अपील न्यायालयाने लवादाकडे पाठवला. स्कॉटलंडमधल्या डंडी विमानतळावरची टेसाइड एव्हिएशन एप्रिल २०२३मध्ये बंद झाली. ब्रिटनमध्ये निदान क्रेडिट कार्डाने भरलेल्या ३० हजार पौंडांपर्यंतच्या व्यवहारात कार्ड कंपनीलाही जबाबदार धरता येते, १९७४च्या कायद्याने. आपल्याकडे एवढे पैसे कार्डाने कोणी भरत नाही. आरटीजीएसने गेलेले परत वळत नाहीत.

न्यूझीलंड आणि ऑस्ट्रेलियाने मात्र नेमका दुखरा भाग ओळखला. न्यूझीलंडमध्ये खासगी संस्थांना विद्यार्थ्यांचे शुल्क विश्वस्त खात्यात ठेवावे लागते आणि शिकवणे पुढे सरकेल तसे काढता येते. ऑस्ट्रेलियात परदेशी विद्यार्थ्यांसाठी २०१२पासून शुल्क संरक्षण योजना आहे. संस्थेने ठरल्या मुदतीत दुसरीकडे सोय केली नाही किंवा पैसे दिले नाहीत तर योजना पुढे येते. तरीही मेलबर्नजवळच्या सोर एव्हिएशनच्या विद्यार्थ्यांना सामूहिक दावा करावा लागलाच, आणि तो तिची भागीदार असलेल्या सरकारी संस्थेच्या खिशामुळे ३.३ कोटी ऑस्ट्रेलियन डॉलरवर मिटला. अमेरिकेत जाणाऱ्या आपल्या मुलांना आणखी एक गाठ आहे: त्यांचा एम-वन व्हिसा संस्थेशी बांधलेला असतो आणि पहिल्या सहा महिन्यांनंतर संस्था बदलायची तर बदलाचे कारण आपल्या हाताबाहेरचे होते हे दाखवावे लागते. संस्था बंद पडल्याचा पुरावा तिथे पैशांआधी व्हिसासाठी लागतो.

डीजीसीएने २०२५मध्ये संस्थांची पहिली क्रमवारी लावली. वरच्या दोन श्रेणींत एकही संस्था बसली नाही. १३ ‘ब’मध्ये, २२ ‘क’मध्ये. पालकांना निवडीसाठी हा कागद उपयोगी आहे. पण मान्यतेच्याच अटींत विश्वस्त खाते घालणे, न उडलेल्या तासांचे पैसे संस्थेच्या रोजच्या खर्चापासून वेगळे ठेवायला लावणे, हे काम कोणत्याही श्रेणीने होणार नाही. संस्थाचालकांचे म्हणणे असते की आगाऊ पैशांशिवाय विमाने घेता येत नाहीत. यात तथ्य आहे. चारआसनी सेसनाही कोट्यवधींची असते. मग ते भांडवल बँकेकडून किंवा भागधारकांकडून यावे, अठरा वर्षांच्या मुलाच्या घराच्या गहाणखतातून नव्हे.

तोवर एक गोष्ट नव्या कायद्याशिवायही होऊ शकते. गृहकर्जाचा हप्ता सोडण्याआधी बँकेचा माणूस स्लॅब पडला का ते साइटवर जाऊन पाहतो. फ्लाइंगच्या कर्जाचा पुढचा हप्ता मात्र बँक संस्थेच्या मागणीपत्रावर सोडते. कर्जाच्या अर्जासोबतच पालकाने लेखी द्यावे: प्रत्येक हप्ता आधीच्या हप्त्याचे तास झाल्यावर, सही केलेले लॉगबुकाचे पान आणि माझी संमती पाहूनच सोडावा. उड्डाणे थांबली तर त्याच दिवशी पुढचे वितरण थांबवण्याचे पत्र शाखेत पोच घेऊन द्यावे. आणि संस्थेशी करार करताना दोन ओळी वाढवून घ्याव्यात: सलग ४५ दिवस उड्डाण न मिळाल्यास विद्यार्थ्याला करार संपवता येईल, आणि उरलेल्या तासांचे पैसे पॅकेजच्याच दराने ३० दिवसांत परत मिळतील. संस्था या ओळी घालायला नकार देईल, तेव्हा पालकांनी पहिला हप्ता भरलेला नसेल.